वयोवृद्ध प्रवासी आणि लसीचा दाखला : एक अभ्यास

दरवर्षी नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या बँकेच्या काउंटरवर निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. हयातीचा दाखला देण्यासाठी ही मंडळी येतात. फॉर्म भरता भरता सुखदुःखाच्या चार गोष्टी होतात. पूर्वी या गोष्टी गुडघेदुखी, नातवाचे शिक्षण आणि महागाई भत्ता यांच्या असत. गेल्या काही वर्षांत त्यात एका विषयाची भर पडली आहे. कोणाची मुलगी दुबईला असते, कोणाचा मुलगा नैरोबीला. कोणी श्रीलंका-थायलंडच्या सहलीसाठी पैसे काढायला आलेले असतात. मग हमखास प्रश्न येतो, "साहेब, तिकडे जायला सुई टोचून घ्यावी लागते का हो?"

मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने बँकेतील कारकून आहे. तरीही आमच्या घरात हा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्याचा थोडा अभ्यास करावा लागला. समाजातील पहिली शिकलेली पिढी आता साठी-सत्तरीला पोहोचली आहे आणि तिची मुले देशोदेशी गेली आहेत. म्हणून हा अभ्यास संस्थेच्या सभासदांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे ठेवावा असे वाटले.

१. दाखल्याची परंपरा

प्रवास आणि रोग यांचे नाते फार जुने आहे. जहाजे, आगगाड्या आणि यात्रा यांच्यामार्फत रोग गावोगावी पोहोचत. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या वडीलधाऱ्यांना देवी काढणारे कर्मचारी आणि यात्रेच्या वेळची कॉलऱ्याची सुई आजही आठवत असेल.

त्या काळी परदेशी जाणाऱ्याला देवीच्या व कॉलऱ्याच्या लसीचे दाखले सोबत ठेवावे लागत. कॉलऱ्याची लस रोगाचा प्रसार थांबवू शकत नाही असे दिसून आल्यावर १९७३ साली जागतिक आरोग्य सभेने त्या दाखल्याची अट काढून टाकली. १९८० साली देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले आणि देवीचा दाखलाही इतिहासजमा झाला. अगदी अलीकडे, २०२१ च्या सुमारास, कोविडच्या लसीचा दाखला जवळजवळ सर्वत्र मागितला जात होता. पुढे बहुतेक देशांनी तीही अट काढली. यावरून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लसीचा नियम कायमचा नसतो, रोगाच्या परिस्थितीनुसार तो बदलतो. म्हणून दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ साली संमत झाली व १५ जून २००७ पासून अमलात आली. ज्याच्या लसीचा दाखला प्रवाशाकडे मागता येईल असा एकच रोग तिच्यात नावानिशी नमूद आहे. तो रोग म्हणजे पीतज्वर, अर्थात यलो फीवर.

२. पीतज्वर आणि त्याची लस

पीतज्वर हा विषाणूमुळे होणारा रोग असून तो डासांमार्फत पसरतो. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील अनेक देशांत तो आहे. डास चावल्यानंतर तीन ते सहा दिवसांत ताप, अंगदुखी, उलट्या अशी लक्षणे दिसतात. बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. या गंभीर अवस्थेत गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावतात. रोगावर नेमके औषध नाही.

हा रोग डास पसरवतात असे मत क्यूबातील डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडले होते, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केले. त्या कामात जेसी लझिअर या तरुण डॉक्टरला प्राण गमवावे लागले. १९२७ साली आजच्या घाना देशातील असिबी नावाच्या एका आफ्रिकी रुग्णाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा करण्यात आला. असिबी बरा झाला. त्याच्या रक्तातील विषाणू पुन्हा पुन्हा वाढवून, त्याला दुर्बल करून, मॅक्स थायलर यांनी १९३७ साली '१७-डी' ही लस तयार केली. १९५१ साली थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही जगभर दिली जाणारी पीतज्वराची लस याच वंशाची आहे. थायलर यांचे नाव ग्रंथांत आहे. असिबीचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

ही लस 'जिवंत' प्रकारची आहे, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. लसी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात रोगजंतू मेलेला असतो किंवा त्याचा केवळ एखादा अंश वापरलेला असतो. इन्फ्लुएंझाची, धनुर्वाताची व न्यूमोनियाची इंजेक्शने या प्रकारात येतात. दुसऱ्या प्रकारात जंतू जिवंत, पण दुर्बल केलेला असतो. तो शरीरात थोडासा वाढतो आणि प्रतिकारशक्ती त्याला ओळखून आवरते. ज्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे त्याला अशी लस उत्तम संरक्षण देते. ज्याची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने खालावली आहे त्याला मात्र ती अपाय करू शकते.

३. नियम काय सांगतो?

पीतज्वराचा रोग आपल्या देशात नाही. पण तो पसरवणारा एडिस जातीचा डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा डास. एखादा प्रवासी रक्तात हा विषाणू घेऊन आला आणि त्याला इथला डास चावला तर काय होईल, ही भीती खरी आहे. २०१६ साली अंगोलात मोठी साथ आली, तेव्हा तिथून चीनमध्ये परतलेल्या ११ जणांना पीतज्वर झाल्याचे आढळले. म्हणूनच या बाबतीत आपले सरकार कडक आहे.

भारताचा नियम थोडक्यात असा : पीतज्वराच्या प्रदेशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो प्रवासी वैध दाखल्याशिवाय भारतात उतरेल, त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. प्रवासी भारतीय असो वा परदेशी, तरुण असो वा वृद्ध. तान्ह्या बालकांना तेवढी सूट आहे. 'मी इथलाच आहे, मला घरी जाऊ द्या' असे म्हणून भागत नाही. याखेरीज युगांडा, घाना यांसारखे काही देश प्रवेश देतानाच हा दाखला मागतात.

दाखल्याविषयी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

(अ) लस केवळ सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांतच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय व बंदर आरोग्य कार्यालय अशी केंद्रे आहेत. आधी वेळ ठरवून जावे. मूळ पासपोर्ट सोबत न्यावा.

(आ) दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी टोचून घेऊन काही उपयोग नाही.

(इ) पूर्वी दाखल्याची मुदत दहा वर्षे असे. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर वैध धरला जातो. जुन्या दाखल्यांनाही हे लागू आहे. म्हणून ज्यांनी पूर्वी कधी लस घेतली असेल त्यांनी ते पिवळे कार्ड जपून ठेवावे.

(ई) दाखल्यावर डॉक्टरांची हाताने केलेली सही आणि केंद्राचा शिक्का ही दोन्ही हवीत. नुसता शिक्का सहीची जागा घेऊ शकत नाही. खाडाखोड झाल्यास दाखला अवैध ठरू शकतो. नाव आणि पासपोर्ट क्रमांक जुळतो की नाही ते तिथल्या तिथे तपासावे. आम्ही बँकेत खाडाखोड झालेला धनादेश परत करतो, तसेच हे समजावे.

४. साठीनंतरची जोखीम

या लसीने बहुसंख्य लोकांना थोडा ताप किंवा अंगदुखी यापलीकडे काही होत नाही. पण २००१ साली वैद्यकीय नियतकालिकांत असे काही रुग्ण नोंदले गेले, ज्यांच्या शरीरात लसीतीलच विषाणू बेसुमार वाढून यकृत, मूत्रपिंडे निकामी झाली होती. काहींना मेंदूचा दाह होतो. अशा घटना अत्यंत विरळ आहेत. परंतु त्यांचे प्रमाण वयाबरोबर वाढते. अमेरिकेतील नोंदींनुसार सर्व वयोगट मिळून गंभीर प्रतिक्रियांचे प्रमाण दर लाख मात्रांमागे सुमारे ४ आहे. सत्तरी ओलांडलेल्यांत ते १० च्या आसपास जाते. हा धोका मुख्यतः आयुष्यात प्रथमच ही लस घेणाऱ्यांना असतो.

लाखात दहा ही संख्या लहान आहे. ती ऐकून घाबरून जाऊ नये, आणि तिच्याकडे दुर्लक्षही करू नये. म्हणूनच साठ वर्षांवरील व्यक्तीला ही लस देताना डॉक्टरांनी फायदा व धोका यांचा विचार करावा, असे तज्ज्ञ सांगतात. काही व्यक्तींना तर ही लस देऊच नये असा दंडक आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, कर्करोगावर उपचार चालू असलेले, अवयवरोपण झालेले, छातीतील थायमस ग्रंथीचा विकार असलेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे लोक त्यात मोडतात.

५. आमच्या घरचा अनुभव

माझा धाकटा भाऊ नैरोबीला नोकरी करतो. २०१८ साली त्याला मुलगी झाली. आईबाबांनी नात पाहायला यावे असा त्याचा आग्रह होता. बाबा तेव्हा ६८ वर्षांचे, आई ६४ वर्षांची. बाबांची सारी नोकरी गोदीत गेली. परदेशी खलाशांच्या हातातले पिवळे कार्ड त्यांनी तरुणपणी पाहिलेले होते. "आता आपल्यालाही ते कार्ड मिळणार," असे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगत.

तिकीट काढून देणाऱ्या इसमाने आम्हाला सांगितले की, सुई ही केवळ औपचारिकता आहे, निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस घेतली तरी चालते. दहा दिवसांचा नियम त्याने सांगितला नाही. सुदैवाने आम्ही महिनाभर आधीच केंद्रावर गेलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी बाबांना विचारले, "काका, रोज कोणती औषधे घेता?" बाबांनी रक्तदाबाची गोळी सांगितली. मीही मान डोलावली. बाईंनी पुन्हा विचारले, "रोजची नाही, पण आठवड्यातून एखादी गोळी?" तेव्हा आई म्हणाली, "दर रविवारी संधिवाताची घेतात की." ती गोळी होती मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी दिले जाणारे हे औषध प्रतिकारशक्ती दाबून ठेवते. आठवड्यातून एकदाच घ्यायची म्हणून आम्ही कोणी तिला औषधांत धरलेच नव्हते. आई सोबत नसती तर बाबांनी त्याच दिवशी लस टोचून घेतली असती, आणि चूक माझीच ठरली असती.

डॉक्टरबाईंनी आम्हाला शांतपणे समजावले. बाबांना ही लस देता येणार नाही. वैद्यकीय कारणासाठी सूट देणारे पत्र मिळू शकते, नियमावलीत तशी सोय आहे. मात्र ते पत्र मान्य करायचे की प्रवाशाला सहा दिवस वेगळे ठेवायचे, हे उतरल्यावर तेथील आरोग्य अधिकारी ठरवतो. शिवाय लस नाही म्हणजे संरक्षणही नाही, तेव्हा डासांपासून जपणे आलेच. नैरोबी शहरापुरताच प्रवास असेल तर पीतज्वराचा धोका तसा कमी. तिकडच्या रोगासाठी नव्हे, तर मुख्यतः परत येताना आपल्याच देशाच्या नियमासाठी ही लस लागते, हे त्या दिवशी प्रथम कळले.

घरी आल्यावर आम्ही जमा आणि नावे अशा दोन रकान्यांत सर्व मुद्दे लिहून काढले. आईला कसलाही आजार नव्हता. तिच्या बाबतीत धोका अत्यल्प आणि लाभ स्पष्ट होता. बाबांच्या बाबतीत लस बाद होती. पत्र घेऊन जायचे तर परतताना सहा दिवस एकट्याने विलगीकरणात राहण्याची तयारी हवी होती. संधिवाताची गोळी काही महिने बंद करावी का, असेही कोणी सुचवले. पण त्यांच्या डॉक्टरांनी ते साफ नाकारले. फार प्रयासाने आवरलेला आजार केवळ प्रवासासाठी पुन्हा उफाळू द्यायचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

शेवटी बाबाच म्हणाले, "तुझी आई जाऊ दे. मी इथेच थांबतो." आम्ही खूप समजावले, पण त्यांचा निर्णय पक्का होता. आईने लस घेतली. सहाव्या दिवशी तिला थोडा ताप आला, दोन दिवसांत उतरला. आयुष्यात कधी एकटी पुण्यालाही न गेलेली माझी आई विमानाने एकटी नैरोबीला गेली आणि पिवळे कार्ड दाखवून परत आली. बाबांनी ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि कपाटात पासपोर्टसोबत ठेवून दिले. पुढच्या वर्षी भाऊ, वहिनी आणि नात इकडे आली. त्यांच्याकडेही कार्डे होतीच, सव्वा वर्षाच्या मुलीचेसुद्धा. बुद्धपौर्णिमेला नात आजोबांच्या मांडीवर होती.

बाबांचा निर्णय बरोबर होता का? दुसऱ्या एखाद्या घरात सहा दिवसांचे विलगीकरण पत्करून जाण्याचा निर्णय झाला असता, तर तोही चूक म्हणता आला नसता. पूर्ण माहिती हाती असताना आणि ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याला विचारून निर्णय झाला, एवढेच मी सांगू शकतो.

६. सक्ती नसलेल्या, पण उपयोगी लसी

नियमात नाही म्हणजे गरजेचे नाही असे समजू नये. भारतातून श्रीलंका, थायलंड किंवा नेपाळला थेट जाणाऱ्याकडे पीतज्वराचा दाखला मागितला जात नाही. पण वृद्ध प्रवाशाला सर्वांत जास्त त्रास होतो तो छातीच्या साध्या संसर्गांचा. विमान, बस, धर्मशाळा, गर्दीचे सभामंडप या ठिकाणी खोकला-ताप सहज पसरतो. म्हणून इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी घ्यावी व न्यूमोनियाच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी तर अवश्य विचारावे. धनुर्वाताच्या लसीची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यायची असते, ती बहुतेकांची चुकलेली असते. या साऱ्या लसी जिवंत नसल्याने वृद्धांना त्यांचा तसा धोका नाही. फक्त वयानुसार शरीराचा प्रतिसाद मंदावतो, म्हणून त्या निघण्यापूर्वी किमान दोन-तीन आठवडे घ्याव्यात.

कुशीनगर, लुंबिनी या भागांत जाणाऱ्या सभासदांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोरखपूर व नेपाळचा तराई हा पट्टा जपानी मेंदूज्वरासाठी ओळखला जातो. २००५ साली तेथे मोठी साथ आली होती. हा रोग डासांमुळे आणि मुख्यतः पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत पसरतो. हिवाळ्यात चार दिवस जाणाऱ्याला धोका थोडा असतो. पावसाळ्यात जास्त दिवस राहायचे असेल तर लसीचा विचार करावा. मच्छरदाणी व पूर्ण बाह्यांचे कपडे तर हवेतच.

आपले मुस्लिम शेजारी हज यात्रेला जातात तेव्हा त्यांना मेंदूच्या आवरणाच्या दाहावरील, म्हणजे मेनिंजायटिसवरील लसीचा दाखला लागतो. लाखो लोक एका ठिकाणी जमतात, तिथे एकाचा आजार अनेकांचा होतो, हे त्यामागचे कारण आहे.

७. निर्णय कसा घ्यावा?

घरातील वडीलधारी व्यक्ती परदेशी निघत असेल तर पुढील क्रमाने विचार करावा. पहिले, कुठे जायचे, वाटेत कोणत्या देशात विमान बदलायचे आणि परत कोणत्या मार्गाने यायचे, हे कागदावर लिहावे. दुसरे, ज्या देशात जायचे तो काय मागतो आणि परतताना आपला देश काय मागतो, हे दोन वेगळे प्रश्न समजून अधिकृत कार्यालयातूनच ताजी माहिती घ्यावी. तिसरे, सर्व औषधांची यादी करावी. त्यात रोजची, आठवड्याची, महिन्याच्या इंजेक्शनाची आणि वैद्यांकडचीही औषधे धरावीत. चौथे, निघण्यापूर्वी निदान सहा आठवडे ही यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. पाचवे, जिवंत लस घेतल्यानंतर दहा-बारा दिवस घरातील कोणीतरी लक्ष ठेवावे. तीव्र ताप, सतत उलट्या, कावीळ, गुंगी यांपैकी काही दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि लसीची तारीख सांगावी. सहावे, लस देता येत नसेल तर सूट-पत्र, विलगीकरणाची तयारी, प्रवास बदलणे किंवा रद्द करणे, असे सर्व पर्याय त्या व्यक्तीसमोर मोकळेपणाने मांडावेत.

विद्यार्थी मित्रांनी आपापल्या घरी एक छोटा अभ्यास करावा. आजी-आजोबांच्या औषधांची यादी तयार करावी, प्रत्येक औषध कशासाठी आहे ते लिहावे आणि त्यांनी पूर्वी कोणकोणत्या लसी घेतल्या ते विचारून नोंदवावे. अशी यादी प्रवासाला कोणी निघाले नाही तरी रुग्णालयात अडीअडचणीला कामी येते. आमच्या घरी आता ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे आणि तिच्यात रविवारची गोळी सर्वांत वर लिहिली आहे.

हा लेख वाचून एखाद्या घरात जरी तशी यादी तयार झाली, तरी लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.